अकरावी-बारावीतले इतर उपक्रम: कॉलेज प्रवेशासाठी काय ठेवावं, काय सोडावं?

चाटीगल्ली
नमस्कार मंडळी. सोलापुरातल्या पालकांना आणि शिक्षकांना विचारायचं आहे. मुलगी यंदा अकरावी सायन्सला गेली. तिच्याकडे आज एवढं आहे: हार्मोनियमची मध्यमा प्रथम, चित्रकलेची इंटरमिजिएट, शालेय बुद्धिबळात जिल्हा पातळी आणि रविवारी सकाळी कंबर तलावावर पक्षिनिरीक्षण. क्लासवाले म्हणतात दोन वर्षं सगळं बंद. दुसरीकडे "प्रोफाइल बनवा, रिसर्च पेपर करा, एनजीओ करा" असे फोन येतात. पहिला विचार सीईटीतून इंजिनिअरिंगचाच आहे. पण पुण्यातली खाजगी विद्यापीठं, आणि आर्थिक मदत मिळाली तर परदेश, हे दोन्ही रस्ते आत्ताच बंद करायचे नाहीत. काय ठेवावं, काय सोडावं? नवीन काही धरावं का?

नवीपेठकर
एमएचटी-सीईटीच्या कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फॉर्ममध्ये हार्मोनियमला रकाना नाही. नीटमध्ये नाही, जेईईनंतरच्या जोसात (आयआयटी-एनआयटीच्या जागावाटपात) नाही. पर्सेंटाइल आणि रँक, एवढंच. वेळ अभ्यासाला द्या, विषय संपला.

केगावरोड
नवीपेठकर, तुम्ही सांगितलेल्या तीन ठिकाणांपुरतं ते शंभर टक्के खरं आहे, त्यात क्लॅटही (कायद्याची प्रवेश परीक्षा) घाला. पण ताईंनी विचारलेली ठिकाणं जास्त आहेत, म्हणून जरा फोड करून सांगतो.

उपक्रम निवडण्याआधी कॉलेजांची यादी करा आणि प्रत्येकापुढे लिहा: हे कॉलेज उपक्रम कुठल्या टप्प्यावर, कोणत्या रूपात बघतं? उत्तरं फार वेगवेगळी येतात. कॅपमध्ये बघतच नाहीत. दिल्ली विद्यापीठात खेळ आणि कला-उपक्रम मिळून कॉलेजच्या एकूण जागांच्या जास्तीत जास्त ५ टक्के जागा अधिकच्या असतात. तिथे उपक्रमांच्या कोट्यात सीयूईटीला (केंद्रीय विद्यापीठांची प्रवेश परीक्षा) २५ टक्के वजन आणि चाचणी व प्रमाणपत्रांना ७५ टक्के. म्हणजे तिथे हार्मोनियम खरोखर तोलली जाते, पण समोर बसून वाजवून दाखवावी लागते.

फ्लेम, सिम्बायोसिस, अशोका, अझीम प्रेमजी या खाजगी विद्यापीठांकडे परीक्षेबरोबर मुलाखत किंवा निबंध असतो. तिथे प्रमाणपत्रांची फाइल फारशी उघडलीच जात नाही. मुलाखत घेणारे एखादी गोष्ट धरतात आणि पाच-सहा प्रश्न खोलात जातात. "पक्षी बघते" म्हटलं की पुढचा प्रश्न येतो: कोणते, कधी, गेल्या वर्षीपेक्षा काय बदललं, नोंद कुठे ठेवतेस? तिसऱ्या प्रश्नाला गाडी अडली तर तो उपक्रम अर्जात नसलेला बरा होता.

इंग्लंडचं गणित आणखी वेगळं. यूकॅसच्या (तिथल्या विद्यापीठांचा सामाईक अर्ज) फॉर्मवर २०२६च्या प्रवेशापासून सलग निबंधाऐवजी तीन प्रश्न आहेत: हा विषय का, शिक्षणातून काय तयारी झाली, शिक्षणाबाहेर काय तयारी केली. तिन्ही मिळून ४००० अक्षरं, प्रत्येक उत्तर किमान ३५० अक्षरांचं. तिथे विषयाशी नातं नसलेला छंद जागा खातो. फिजिक्ससाठी अर्ज असेल तर हार्मोनियमच्या आतल्या धातूच्या पट्टीचं (रीड) कंपन आणि भात्याचा दाब यावर काही करून बघितलं असेल तरच हार्मोनियम लिहावी.

अमेरिकेचं कॉमन ॲप (अनेक कॉलेजांसाठी एकच अर्ज) तेवढं उपक्रमांना स्वतंत्र पान देतं. त्यावर कोणी जाणकार सविस्तर लिहील तर बरं.

शेंगाचटणी
ताई, इंटरमिजिएटचे गुण दहावीत घेतले ना? ए श्रेणीला ७, बी ला ५, सी ला ३. ते दहावीच्या बेरजेत जाऊन अकरावीच्या प्रवेशाला उपयोगी पडतात. पुढे बारावीनंतर त्यांचं काम उरत नाही. ज्यांची मुलं अजून आठवी-नववीत आहेत त्यांच्यासाठी सांगते: प्रस्ताव शाळेने पुणे विभागीय मंडळाकडे पाठवायचा असतो. मुलाकडे प्रमाणपत्र आहे म्हणून गुण आपोआप लागत नाहीत. दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच शाळेत जाऊन विचारा, यादीत नाव आहे का ते डोळ्याने बघा. प्रमाणपत्रावरचं नाव आणि शाळेच्या जनरल रजिस्टरमधलं नाव यात वेलांटीचा फरक असला तरी दुरुस्तीत वेळ जातो.

पार्कमैदान
खेळाबद्दल लिहितो, कारण इथे पालकांची सर्वात जास्त फसगत होते.

प्रमाणपत्राची किंमत स्पर्धा कोणी भरवली यावर ठरते. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत होणाऱ्या शालेय स्पर्धा जिल्हा, विभाग, राज्य, राष्ट्रीय अशा पायरीने जातात. त्यांची आणि मान्यताप्राप्त संघटनांच्या अजिंक्यपद स्पर्धांची प्रमाणपत्रं धरली जातात. कुठल्यातरी हॉटेलच्या सभागृहात प्रवेश फी घेऊन झालेल्या "ऑल इंडिया ओपन"चा चषक कितीही उंच असला तरी कोट्याच्या छाननीत तो बाजूला पडतो. प्रवेश फी भरायच्या आधी आयोजकाला एकच विचारा: ही स्पर्धा कोणत्या संघटनेच्या कॅलेंडरवर आहे?

आयआयटी मद्रासने २०२४-२५ पासून खेळाडूंसाठी आणि २०२५-२६ पासून कलाकारांसाठी प्रत्येक पदवी अभ्यासक्रमात दोन-दोन अधिकच्या जागा ठेवल्यात, त्यातली एक मुलींसाठी. पण त्यासाठी जेईई ॲडव्हान्सच्या रँक यादीत असावंच लागतं, आणि यश राष्ट्रीय पातळीचं लागतं. जिल्हा पातळीच्या बुद्धिबळावर तिकडे आशा लावू नये, ताई. बुद्धिबळ चालू ठेवायचंच असेल तर फिडे (आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघ) रेटिंगच्या स्पर्धा खेळवा. मार्च २०२४ पासून रेटिंगचा तळ १४०० आहे. तो आकडा जगात कुठेही कळतो, कुणाला समजावून सांगावा लागत नाही. मात्र एक रेटिंग स्पर्धा सलग चार-पाच दिवस खाते. अकरावीच्या दिवाळीत एक आणि उन्हाळ्यात एक, याहून जास्त झेपत नाही.

लेझीमवाला
ओ सर, हे सगळं बराबर हाय. पण पोरांनी काय दर गोष्ट प्रवेशासाठीच करायची का? गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज पेलायचा सराव महिनाभर आधीपासनं चालतो. शिवजयंतीला, गणपतीला लेझीम असती. तिथं शिस्त शिकतंय पोरगं, शंभर जणांत एका ठेक्यावर पाय टाकायला शिकतंय. ते कुठल्या रकान्यात लिवायचं? उद्या रकाना नाही म्हणून लेझीम बी बंद करायची का?

केगावरोड
लेझीमवाला दादा, ती बंद करू नये आणि लिहावीही. इंग्रजी नावाचे क्लब तेवढे उपक्रम आणि आपल्या मंडळातलं काम म्हणजे घरगुती मामला, असं समजून आपली मुलं सर्वात भक्कम गोष्ट अर्जातून गाळतात. ताफ्यात नवीन मुलांना शिकवणं, वेळापत्रक लावणं, साहित्याचा हिशोब ठेवणं ही कामं ज्याने तीन वर्षं केली, त्याने ती सरळ लिहावीत. फक्त "लेझीम खेळतो" एवढ्यावर सोडू नये. ताफा किती जणांचा, सराव आठवड्यात किती तास, याची स्वतःची जबाबदारी कोणती, हे यायला हवं. वाचणाऱ्याला लेझीम म्हणजे काय ते माहीत नसेल, तर अर्ध्या ओळीत सांगावं.

रेशीमधागा
याच्या जोडीला एक. कॉमन ॲपच्या यादीत "कौटुंबिक जबाबदारी" आणि "पगारी काम" हे अधिकृत प्रकार आहेत. पूर्व भागात कितीतरी मुलं संध्याकाळी घरच्या दुकानाचा, टॉवेलच्या ऑर्डरींचा हिशोब बघतात, धाकट्या भावंडांचा अभ्यास घेतात. बँकेत आणि दवाखान्यात आजीसाठी तेलुगूतून मराठीत बोलणारी मुलं घरोघर आहेत. आठवड्याचे दहा तास त्यात जात असतील, तर तो उपक्रमच आहे. लाज वाटून रकाना रिकामा ठेवू नका.

कुंभारवेस
कॉमन ॲपचं मी सांगते, केगावरोड सरांनी विचारलंय म्हणून.

जास्तीत जास्त १० उपक्रम. प्रत्येकात पद किंवा भूमिका ५० अक्षरांत, संस्थेचं नाव १०० अक्षरांत, वर्णन १५० अक्षरांत. अक्षरं म्हणजे मोकळ्या जागेसकट. त्याखाली नववी ते बारावीपैकी कोणत्या वर्षी केलं, आठवड्याचे तास, वर्षाचे आठवडे. सन्मान-पुरस्कारांची यादी वेगळी, पाच जागा. एमआयटीचा फॉर्म स्वतःचा आहे, तिथे उपक्रम चारच विचारतात. कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठांचा फॉर्म उलट, २० नोंदींपर्यंत आणि वर्णनाला ३५० अक्षरं.

१० जागा आहेत म्हणून १० भरायच्या नसतात. सहा खऱ्या नोंदी पुरतात. क्रमही महत्त्वाचा. जे सर्वात जास्त वर्षं आणि सर्वात खोल केलं ते वर ठेवायचं, नाव मोठं असलेलं नव्हे.

१५० अक्षरांत "मला आवड आहे", "खूप शिकायला मिळालं" असल्या शब्दांना जागाच नाही. क्रियापद, आकडा, परिणाम. नमुना म्हणून बघा: "गरजू मुलांना शिकवलं" हे निरुपयोगी. "विडी कामगारांच्या ११ मुलांना दर शनिवारी सातवीचं गणित, अपूर्णांकांचे सराव-पट तयार केले, पट आता दोन शाळा वापरतात" यातून माणूस दिसतो.

तासांची बेरीज करून बघा. सगळ्या नोंदींचे आठवड्याचे तास मिळून ४० भरले आणि त्याच मुलीचा रोज सहा तास क्लास असेल, तर वाचणारा दोन्हींवर विश्वास ठेवणार नाही. सुट्टीतल्या कामाला वर्षाचे सहा आठवडे लिहा, ५२ नव्हे. नेमकी हीच चूक सारखी दिसते.

नवीपेठकर
एवढं सगळं करून सीईटीत ९० च्या खाली आली तर काय करणार? परदेशाचा खर्च कोण देणार? सोलापुरात पालकांनी स्वप्नं बघावीत, पण पाय जमिनीवर ठेवून.

कुंभारवेस
प्रश्न रास्त आहे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट अशा मोजक्या संस्था परदेशी विद्यार्थ्याची पैशाची गरज प्रवेश ठरवताना बघत नाहीत, आणि घेतलं तर गरज पूर्ण भरतात. बाकी बऱ्याच ठिकाणी मदत मागितली की प्रवेश अवघड होतो. म्हणून परदेश हा मुख्य बेत धरू नये, जोडबेत धरावा. मदतीच्या अर्जाला अनेक ठिकाणी सीएसएस प्रोफाइल नावाचा ऑनलाइन फॉर्म लागतो, त्यात आईवडिलांचं उत्पन्न, मालमत्ता, कर्ज सगळं येतं. कारखाना किंवा दुकान असेल तर दोन वर्षांची विवरणपत्रं आधीपासून नीट ठेवा. डिसेंबरात सीएकडे पळायची वेळ येऊ नये.

आणि सीईटीला धक्का बसू नये यासाठी नियम साधा: बारावीच्या जूननंतर कोणताही नवीन उपक्रम सुरू करायचा नाही.

माळढोक
कंबर तलावाचं वाचलं आणि राहवलं नाही. चाटीगल्ली ताई, तुमच्या यादीतली सर्वात मौल्यवान गोष्ट तीच आहे. फक्त आज ती "फिरायला जाणं" आहे, तिची "नोंद" झाली पाहिजे.

ई-बर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी ठेवायची वेबसाइट) तिच्या नावाचं खातं उघडा, फुकट आहे. जागा एकच धरा, वेळ एकच धरा. समजा रविवारी सूर्योदयानंतर अर्ध्या तासाने, एका ठरलेल्या बांधावर उभं राहून ४५ मिनिटं. दिसलेली आणि आवाजावरून ओळखलेली प्रत्येक जात लिहायची, कावळा-साळुंकीसकट, आणि प्रत्येकीची संख्या. संख्येच्या जागी नुसता एक्स टाकला की पुढे तुलना करता येत नाही. यादी "संपूर्ण" म्हणून नोंदवायची. आज फक्त बदकं लिहिली, उद्या फक्त बगळे, असं केलं तर वर्षभराच्या कष्टाचा आलेख निघत नाही. एकही पक्षी न दिसलेला दिवसही नोंदवायचा.

कुठे बिघडतं ते सांगतो. पहिल्या दोन महिन्यांत मुलं दुर्मीळ जात ओळखायच्या नादात चुकीची नोंद करतात. मग तपासणारे स्वयंसेवक प्रश्न विचारतात आणि पोरं नाराज होऊन सोडून देतात. प्रश्न आला तर फोटो किंवा चोच-पाय-शेपटीचं वर्णन द्यायचं, नसेल तर जात वगळून "पाणलाव्यासारखा पक्षी" एवढंच ठेवायचं. दुसरं, एप्रिल-मेच्या उन्हात खाडे पडतात. तेच महिने महत्त्वाचे असतात, कारण पाणी आटतं आणि कोणत्या जाती टिकतात ते तेव्हाच कळतं. पहाटे लवकर जा.

वर्षभर झालं की पाणी किती मागे सरकलं ते एका ठरलेल्या खुणेपासून पावलांनी मोजलेलं अंतर आणि पाणपक्ष्यांची संख्या शेजारी मांडा. कागद साधा असेल, पण तो तिचा असेल. फेब्रुवारीत ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट (जगभरची पक्षीमोजणी) चार दिवस चालतं, त्यात कॉलेजच्या आवारातही मोजणी करता येते. तिथे इतरांना जोडून घेतलं तर गट चालवण्याचा भाग आपोआप येतो.

नान्नजच्या माळावर हौसेने जाणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. माळढोक जमिनीवर अंडी घालतो आणि त्याचा विणीचा काळ पावसाळ्यात असतो. परवानगीशिवाय गवतात शिरू नका, फोटोसाठी तर मुळीच नाही.

चाटीगल्ली
माळढोक सर, हे फार उपयोगी. कॅमेरा घ्यावा लागेल का?

माळढोक
नको. ८ बाय ४२ ची साधी दुर्बीण आणि खिशात मावणारी वही. कॅमेरा आला की मुलं मोजणं सोडून फोटो काढतात.

हुरडा
तलावावर सकाळी फिरायला येणाऱ्यांनी पक्ष्यांना फरसाण टाकणं थांबवलं तर माळढोक सरांच्या अर्ध्या अडचणी मिटतील. विषयांतर आहे, पण लिहिल्याशिवाय राहवेना.

माळढोक
विषयांतर अजिबात नाही. खाऊ टाकायच्या जागी कावळे आणि कबुतरं गोळा होतात आणि मोजणी फसवी होते. मोजायचा बांध त्या जागेपासून लांब निवडावा.

शून्यएक
ऑलिंपियाडबद्दल कोणीच लिहिलं नाही. शाळेत पाकिटं वाटून होणाऱ्या खाजगी "आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड"चं पदक आणि होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राकडे जाणारी ऑलिंपियाड साखळी यांचा एकमेकींशी संबंध नाही. पहिलीला प्रवेशात वजन नाही.

दुसरीत गणिताची पहिली पायरी म्हणजे आयओक्यूएम ही चाळणी परीक्षा, साधारण सप्टेंबरच्या सुरुवातीला. तीन तास, ३० प्रश्न, १०० गुण, प्रत्येक उत्तर ०० ते ९९ मधली पूर्ण संख्या, वजा गुण नाहीत. मग आरएमओ (विभागीय), मग जानेवारीत आयएनएमओ (राष्ट्रीय), मग शिबिर. भौतिक, रसायन, जीवशास्त्र, खगोल यांच्या पहिल्या पायरीच्या एनएसई परीक्षा नोव्हेंबरात. आयएनएमओचे पुरस्कारप्राप्त (अवॉर्डी) ठरलेल्यांना आयएसआयच्या (भारतीय सांख्यिकी संस्था) गणित-संख्याशास्त्र पदवीसाठी लेखी परीक्षा माफ असते, थेट मुलाखत. आयआयटी कानपूरने २०२५-२६ पासून ऑलिंपियाडच्या शिबिरांपर्यंत पोचलेल्यांसाठी जेईई ॲडव्हान्सविना मार्ग उघडलाय.

आपल्याकडे अडचण नोंदणीची. कॉलेज केंद्र नसेल तर जवळचं केंद्र शोधून जुलै-ऑगस्टमध्येच नाव घालावं लागतं, आणि कॉलेजात सूचना फलकावर ते लागतच नाही. मुलीला कोडी सोडवायला आवडत असेल तर करा. जेईईची तयारी म्हणून करू नका. संख्याशास्त्र आणि भूमितीतले प्रश्न पूर्ण वेगळे असतात, दोन्ही अर्धवट राहतात.

केगावरोड
शून्यएक, एक दुरुस्ती. संख्याशास्त्र नव्हे, संख्या सिद्धांत (नंबर थिअरी) म्हणायचंय ना तुम्हाला? आयओक्यूएममध्ये विभाज्यता, शेष वगैरे येतं.

शून्यएक
हो, तेच. विभाज्यता, मूळ संख्या, शेष. आणि मोजणीचे प्रश्न.

साखरपेठ
पैसे घेऊन रिसर्च पेपर छापून देणाऱ्यांबद्दल बोला कोणीतरी. अकरावीच्या मुलाच्या नावाने "मशीन लर्निंगद्वारे कर्करोग निदान". पालक लाखभर रुपये मोजतात.

रेशीमधागा
पैसे वाया जातातच, वर मुलाखतीत मूल तोंडघशी पडतं. त्यातलं एक समीकरण फळ्यावर लिही म्हटलं की संपलं.

संशोधन करायचंच असेल तर सोलापुरात विषय दारात पडलेत. यंत्रमागाचा आवाज घ्या. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे आणि यंत्रमागाच्या शेडमध्ये आवाज त्याच्या वर जातो. मालकाची लेखी परवानगी घ्यायची. कामगाराच्या कानाच्या उंचीवर, साधारण दीड मीटरवर, तीन जागा निवडायच्या: दोन मागांच्या मध्ये, दाराशी, कांड्या भरायच्या जागी. प्रत्येक जागी सकाळ, दुपार, रात्रपाळी असे पाच-पाच मिनिटांचे वाचन. किती माग चालू होते ते शेजारी लिहायचं, नाहीतर आकडे एकमेकांशी जुळवता येत नाहीत.

मोबाइलच्या ॲपवर विसंबू नका. फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलाय, एवढ्या मोठ्या आवाजाला तो आपोआप दाबून कमी दाखवतो. एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या विभागाकडून ध्वनिमापक दोन दिवस मागून घ्यावा आणि ॲपचं वाचन त्याच्या शेजारी धरून फरक लिहावा. तो फरकच एक चांगला निष्कर्ष आहे. कामगारांचे चेहरे, नावं, कारखान्याचं नाव अहवालात नको. शेवटी कापसाचे बोळे आणि फोमचे कानबोळे यांनी किती फरक पडतो ते मापून तिथल्याच लोकांना मराठी-तेलुगूत एका पानावर द्यायचं. हा खर्च हजार रुपयांच्या आत बसतो.

लेझीमवाला
हे आवडलं बघा. ज्यांच्यावर पेपर लिवला त्यांच्या हातात कागद पडला पायजे.

साखरपेठ
आणि एनएसएस? ज्युनियर कॉलेजात नाव घालावं का? दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं शिबिर म्हणतात.

पार्कमैदान
वर्षाला १२० तास धरा, बरोबर आहे. दिल्लीच्या कोट्यात एनसीसी आणि एनएसएस हे वेगळे प्रकार आहेत, पण ज्युनियर कॉलेजातल्या नुसत्या नावनोंदणीवर तिथे पोचणं कठीण. एनसीसीचं सी प्रमाणपत्र पदवीच्या काळात मिळतं आणि लष्कराच्या एनसीसी खास भरतीला लागतं. सैन्यात जायचा विचार असेल तर तो रस्ता सोन्यासारखा आहे. इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी म्हणून अकरावीत एनसीसी धरली तर परेडची सकाळ आणि क्लासची सकाळ एकमेकींवर येतात, आणि डिसेंबरात मूल सोडतं.

सुरपेटी
हार्मोनियमवर माझा शब्द. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर अशा दोन सत्रांत असतात. मध्यमा प्रथम झाली आहे, तर मध्यमा पूर्ण अकरावीच्या नोव्हेंबर-डिसेंबर सत्रात उरकावी. एप्रिल-मे सत्र बारावीत धरायचं नाही, तेव्हा जेईई आणि सीईटी. विशारद पदवीच्या काळात होते, घाई नको.

रोज ३० मिनिटं पुरतात, पण ती रोज. रविवारी तीन तास बसून सहा दिवस पेटी बंद, यात बोटं जड होतात. अर्जासाठी ध्वनिचित्रफीत लागली तर एकच राग, विलंबित न घेता मध्य लयीतली बंदिश आणि थोड्या तानांसह चार-पाच मिनिटं. पंखा बंद करून काढा. दिल्लीची चाचणी द्यायची असेल तर ती प्रत्यक्ष तिथे जाऊनच असते आणि तारखा उशिरा कळतात, कर्नाटक एक्स्प्रेसचं आरक्षण तोवर संपलेलं असतं. अर्ज भरला त्याच दिवशी अंदाजाने एक तिकीट काढून ठेवणारे शहाणे.

साथीला बसायला शिकवा तिला. एकटीने परीक्षा देणं आणि गाणाऱ्याच्या मागे जाणं यात फार अंतर आहे. मुलाखतीत सांगण्यासारखं दुसऱ्यातच मिळतं, आणि आयुष्यभर उपयोगी तेच पडतं.

कुंभारवेस
एक गोष्ट सगळ्यांनीच सोडली: शिफारसपत्र. परदेशी आणि काही भारतीय विद्यापीठांना शिक्षकांची पत्रं लागतात. आपल्याकडे अकरावी-बारावी "टायअप"मध्ये, कॉलेजात पाऊल न टाकता होते. मग पत्र कोण लिहिणार? क्लासच्या सरांचं पत्र बहुतेक ठिकाणी चालत नाही, कॉलेजातले सर मुलीला ओळखत नाहीत. म्हणून अकरावीतच दोन शिक्षक निवडा, एक विज्ञान-गणिताचे, एक भाषेचे. त्यांच्या प्रात्यक्षिकांना आणि तासांना नियमित जा, शंका विचारा. बारावीच्या जुलैत त्यांना एक पान द्या: काय केलं, कधी केलं, त्यांच्या तासातलं काय लक्षात राहिलं. पत्र शिक्षक स्वतः ऑनलाइन टाकतात, ईमेल कॉलेजचा असेल तर उत्तम.

नववी-दहावी एका शाळेत आणि अकरावी-बारावी दुसरीकडे, त्यामुळे नववीचा निकाल हमखास हरवतो. शाळेतून इंग्रजीत सही-शिक्क्याची प्रत आत्ताच काढून ठेवा. मराठी प्रमाणपत्रांचं भाषांतरही सवडीने करून घ्या.

अमेरिकेचे अर्ज १ नोव्हेंबर आणि १ जानेवारीच्या आसपास बंद होतात. ऑक्सफर्ड-केंब्रिजचा दिवस १५ ऑक्टोबर. म्हणजे निबंध बारावीच्या मे-जूनमध्ये लिहून झाले पाहिजेत, दिवाळीत नव्हे.

नवीपेठकर
मान्य. माझं म्हणणं एवढंच होतं की सीईटीला यातलं काही मोजत नाहीत. पण आठवड्याला किती तास काढायचे ते कोणी सांगा. त्यावरच सगळं अडतं.

केगावरोड
अकरावीत आठवड्याला ८ तास, बारावीच्या दिवाळीपर्यंत ४, नंतर फक्त पेटीची अर्धा तास बैठक. चाटीगल्ली ताई, तुमच्या यादीला लावून बघू. हार्मोनियम रोज अर्धा तास म्हणजे साडेतीन. तलाव, जाणं-येणं आणि नोंद धरून दोन. उरले अडीच. त्यात यंत्रमागाचा किंवा तलावाचा एकच अहवाल बसतो, दोन्ही नाहीत. इंटरमिजिएटचं काम झालंय, ती यादीत एका ओळीची. बुद्धिबळ सुट्टीतलं. एनजीओ, पेपर, नवीन क्लब काही नको. झोपेतले तास यात घेऊ नका.

चाटीगल्ली
मुलीला धागा वाचायला दिला. तिचं म्हणणं, तलाव आणि पेटी ठेवते, बुद्धिबळ सुट्टीत. माळढोक सर, तिचा एक प्रश्न आहे: पाऊस लागला तर रविवारची वेळ बदलून सोमवारी संध्याकाळी गेलं तर चालेल का?

माळढोक
संध्याकाळची नोंद वेगळी ठेवायची, सकाळच्या मालिकेत मिसळायची नाही. पाऊस थांबायची तासभर वाट बघा. नाहीच थांबला तर त्या रविवारपुढे "पाऊस, मोजणी नाही" असं वहीत लिहा आणि पुढच्या रविवारी त्याच बांधावर.